सीरियाची राजधानी, चार अक्षरी

नहला : आणि हे? हेही तूच लिहिलंस ना, आई? वाच.

इनसाफ : चष्मा आत राहिलाय.

नहला : नाकावर आहे.

इनसाफ : मग तूच वाच. कैरोहून तीन तास आदळत आलीस ती त्यासाठीच ना?

नहला : 'मंडळी, शब्दकोड्यात अडले. सीरियाची राजधानी, चार अक्षरी. काही सुचवाल का?' खाली तुझं नाव. परवा दुपारी, सव्वा एक.

इनसाफ : तुला कोणी दाखवलं?

नहला : सौसनने. माझी नणंद, तीही आहे तुमच्या त्या कोड्यांच्या ग्रुपमध्ये.

इनसाफ : असू दे. कधी तोंड उघडत नाही ती. येत नसेल काही.

नहला : विषय बदलू नकोस. एकतीस वर्षं याच दिमयात गावात भूगोल शिकवलास तू. नकाशा न बघता फळ्यावर नद्या काढायचीस. आणि गेल्या आठवड्यात विचारलंस, नाईल कुठल्या समुद्राला मिळते. अगं, ती इथून पंधरा मिनिटांवर मिळते.

इनसाफ : वीस. पुलावर गर्दी असते.

नहला : मला हसू येत नाहीये. गुरुवारी डॉक्टरांची वेळ घेतलीये, स्मरणशक्तीच्या. आमची मागची खोली रिकामी केलीये. हे घर बंद करू.

इनसाफ : दमास्कस.

नहला : काय?

इनसाफ : राजधानी. आणि मॉरिटानियाची नुआकशॉट. तुझ्या नवऱ्याला येते का विचार. ती वही उघड, टेबलावरची.

नहला : ही सगळी कोडी... पेनने सोडवलीस?

इनसाफ : पेन्सिल वर्गातल्या मुलींना. एक वाजता ग्रुपवर कोडं पडतं, माझी कॉफी निवायच्या आत संपतं.

नहला : मग येतं तेच विचारतेस कशाला?

इनसाफ : तुला कॉफी टाकू का? साखर कमीच ना अजून?

नहला : आई. डॉक्टरही हेच विचारतील.

इनसाफ : म्हणून तर यायचं नाही मला. त्यांच्यासमोर एकतर विसराळू ठरायचं, नाहीतर एकटी. त्यापेक्षा विसराळू बरं. त्याला निदान गोळ्या तरी असतात.

नहला : मी रोज फोन करते की.

इनसाफ : करतेस ना. गॅस बंद केलास का, रक्तदाबाची गोळी घेतलीस का. हो, हो. झालं. आमच्या ग्रुपचा नियम आहे, सरळ उत्तर द्यायचं नाही, नुसती खूण द्यायची. एक प्रश्न टाकला की संध्याकाळपर्यंत पुरतो. अल्जीरियातल्या ओरानची एक बाई आहे, तिला नदी विचारली तर ती सासूपर्यंत जाते.

नहला : पण दमास्कस? दुसरं काही तरी विचारायचंस.

इनसाफ : ते माझ्यासाठी नव्हतं. अबू लैस म्हणून एक आहेत. तिथलेच, आता जर्मनीत मुलाकडे असतात. आठ दिवस त्यांचं एक अक्षर नव्हतं. सगळे नुसते कोडी सोडवत बसलेले. मग मी विचारलं.

नहला : आले?

इनसाफ : खूण द्यायला आले. अंगणातल्या नारिंगाच्या झाडापासून जी सुरुवात केली, रात्रीपर्यंत गल्लीच्या टोकाला पोचले. कोडं राहिलं बाजूलाच.

नहला : त्यांना कळलं असेल गं, तुला येतंय ते.

इनसाफ : मला फ्लू झाला होता ना, सहा दिवस आडवी होते? तेव्हा त्यांनी विचारलं होतं, पिरॅमिड कुठल्या देशात आहेत.

नहला : तुला फ्लू झाला होता?

इनसाफ : गॅस बंद होता. गोळीही घेत होते.

नहला : ...डॉक्टरांना नको म्हणून कळवते मी.

इनसाफ : आणि खोलीचं?

नहला : ती राहू दे रिकामी. तू कधी येशील तेव्हा.

इनसाफ : मुलांना आपल्याकडची मशब्बक मिठाई ने डब्यातून. आणि डबा कोणाबरोबर पाठवू नकोस. आणून दे.

(चार दिवसांनी. दुपारी अडीचला, फोनवर.)

नहला : आई, मुलुखियाची पातळ भाजी करतेय. लसूण-धण्याची फोडणी आधी घालायची की शेवटी?

इनसाफ : वीस वर्षं संसार झाला तुझा.

नहला : अडलंय खरंच. सांग ना.

इनसाफ : गॅस बारीक कर, आणि खुर्ची घे. सरळ उत्तर मिळायचं नाही.