जावयाची खुर्ची

आमच्या खजुरीच्या नव्या हॉकी संघाचं काय विचारायलास गड्या! मॅनेजर महादअण्णांनी युनूससारखा गोलकीपर बाहेर बसवला अन् गोलात उभा केला स्वतःचा नवा जावई. मादन हिप्परग्याविरुद्धच्या सामन्यात चेंडू आला की जावई अंग चोरून बाजूला व्हायचा.

आम्ही बोंबललो, "अण्णा, काढा की त्यांना!"

"जावयाला बाहेर हो म्हणून कसं सांगू? लेक तिकडं नांदायलीय."

तेवढ्यात जावयाची सासू सामना बघायला आली. पाचवा गोल झाला अन् ती नवऱ्यावर कडाडली, "अहो, जावयाला कवापासून उन्हात उभं केलाव? बसायला खुर्ची द्या की!"

अण्णांनी स्वतः खुर्ची मांडून जावयाला मानानं बाहेर बसवलं. युनूस पळतच आत गेला.

आता कुठंबी सामना असू दे, स्टिकांसंगं एक खुर्ची जातीच.