चौकातली नीळ

दरबारच्या कामानं जव्हारला गेलो होतो. बाजारात मिठाच्या रांगेत माझ्यापुढं लग्नघराच्या गेरूनं सारवलेल्या भिंतीवर देवीचे चौक लिहिणारी गौराबाई उभी होती आणि तिच्याकडं शिकणारी तिची भाची पोशी.

"निळीची पुडी कशाला गं? आपल्यात कुणाची पांढरी धोतरं?"

"चौकासाठी, आत्या. तांदळाच्या पिठात चिमूटभर घालायची."

"चौक पांढराच पायजे. लगीन लावणाऱ्या धवलेरीनं नाय मानला तर समदं अडंल."

"पांढराच दिसतो. निळीनं पीठ थंड होतं, झऱ्याच्या पाण्यावानी. मग मागचा गेरू निखाऱ्यावानी तापतो."

"तुला कुणी सांगितलं?"

"आमच्या भिंतीनं. पयल्यांदा नीळ जास्त पडली, तर गेरू पार विझला. पुसला, पुन्हा सारवलं, पुन्हा लिवलं. तीनदा."

"घरच्या भिंतीवर खेळ. देवीच्या चौकात नाय."

"परवा साखरशेतच्या लग्नात चौकापुढं तू किती येळ बसली होतीस?"

"बसले. लई जिता दिसत होता. त्याचं काय?"

"पीठ मी कालवलं होतं, आत्या."

गौराबाई रांग सोडून थेट दुकानदारापुढं गेली.

"मीठ ऱ्हाऊ दे. नीळ दे आधी. आन् हिच्या हातात नको, माझ्या हातात दे. चौक मी लिवते."