पाट्या हव्यात!

नाही, मला सांगा, पाटी म्हणजे काय? लिहायची पाटी हो! काळी! हे शिकल्यासवरल्या माणसाला समजावून सांगायचं? तुम्हाला सांगतो, डोक्याचा पार भुगा झालाय माझ्या!

माझी धाकटी बहीण तिकडे आफ्रिकेत नर्स आहे, इतक्या गरीब गावात की शाळेला भिंती आहेत, मास्तर आहेत, पण पाट्या नाहीत, निम्मी पोरं वर्गाबाहेर मातीत लिहितात, बोटानं! फोनवर रडवेली होऊन म्हणाली, "दादा, पाट्या पाठव रे, दुसरं काही नको. एक पोरगी आहे, इतकी हुशार, पण पाटी नाही म्हणून वर्गात घेत नाहीत. खिडकीबाहेर उभी राहून शिकते." आता हे ऐकून घास उतरेल घशाखाली? माझ्या नाही उतरला.

म्हणून कॉलनीच्या मंडळात विषय काढला. झालं! जिन्याखालच्या खोलीत हा ढीग! एका काकूंनी लोकरीचे स्वेटर दिले... तिकडे अंगाची लाही होते हो! एकानं अर्ध्या भरलेल्या वह्या दिल्या, 'अक्षर सुधारा' या शेऱ्यासकट! मी म्हटलं, "अध्यक्ष, अहो हे..." तर अध्यक्ष छातीवर हात ठेवून, डोळे मिटून, "अंहं! देणाऱ्याचं मन मोडायचं नसतं!"

बरं, नाही मोडलं. पण पाट्या? "त्या माझ्यावर सोडा!" सोडल्या... आणि तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली! खोकं बंद झालं, बोटीनं गेलं, मी रोज विचारतोय, "पोहोचलं असेल का गं?" बायको म्हणते, "बोट काय तुम्ही ढकलताय?"

मग फोन. "दादा... हे काय पाठवलंस?" पत्र्याच्या पाट्या! रंगवलेल्या! 'अध्यक्षांकडून सप्रेम भेट'! 'सासूबाईंच्या स्मरणार्थ'! आणि एक पेंटरनं फुकट दिलेली, 'येथे गाडी लावू नये'! धावत गेलो, तर अध्यक्ष म्हणतात, "मग पाट्याच सांगितल्या होत्यात ना? दान दिलं तर नावाची पाटी नको?"

धाकटी शहाणी. गंज नको म्हणून पेंटरनं मागून काळा रंग मारला होता, तिनं त्या उलट्या करून वाटल्या. खडू उमटतो म्हणे, फिकट. पण पाट्या मूठभर, पोरं शाळाभर! मी विचारलं, "त्या पोरीला मिळाली ना?" तर म्हणाली, "खिडकीशीच आहे अजून."

फोटो आला, तो अध्यक्षांना दाखवला, म्हटलं आता तरी लाज वाटेल. चष्मा लावून म्हणतात कसे, "अरेरे, पोरांनी उलट्या धरल्यात! नावंच दिसत नाहीत! पुढच्या वेळी दोन्ही बाजूंनी रंगवू!"

गुपचूप बाजारात गेलो, खरी पाटी आणली, लाकडी चौकटीची, काळीभोर, फक्त त्या पोरीसाठी, आणि पुढच्या खोक्यात तळाशी ठेवली. काल बघतो तर... दोन्ही बाजूंनी चकचकीत पिवळा ऑइलपेंट, आणि त्यावर लाल अक्षरांत नाव! कुणाचं? माझं! आणि अध्यक्ष माझ्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "तुमची कोरीच राहिली होती हो! असं कसं चालेल? देणाऱ्याचं मन मोडायचं नसतं!"