एक बरगडी जास्तीची

...अन् वरतून मलेच म्हनते, "हलू नका!" अरे बापा, हलून राह्यलं कोन? मघापासून उजवा हात वर करून बसलो मी, शाळेतल्या पोरावानी, अन् शाळेत तं मी कवा गेलोच नाही! डाक्टर तेलगू बोलनारा. माझं मनगट धरे, मान इकडं वळवाले लावे, तिकडं वळवाले लावे, अन् मंग हळूच म्हने, "नाडी लेदु." लेदु मंजे नाही. तुमाले सांगतो, सारा जलम आदिलाबादेत गेला माझा. साखर लेदु ऐकलं, बस लेदु ऐकलं, सायेब लेदु तं रोजचंच... पन जित्या मानसाले नाडी लेदु? "खाली आना," म्हने. आनला. "आली!" म्हने. घ्या! हात वर केला का मी मेलो, खाली आनला का जिता!

"कवापासून?" विचारते. आता खरं सांगाव कसं? चाळीस वर्सं कापसाचं गाठोडं डोक्यावर वाह्यलं, हात वरच, तवा काई झालं नाही. माझी घरवाली भागीरथा गेली, त्याच्या दोन महिन्यानं पागोटं बांधाले हात वर केला तं बोटं पांढरी फटक, मुंग्या, अन् गार... डाव्या हातानं धरून पाह्यलं तं, बापा, थो माझा हातच नव्हे! तिचा. शेवटच्या दिवशी धरला होता ना, तेवढाच गार.

शेजारची विठाबाई म्हने, "मोतीरामभाऊ, थे वापस येऊन राह्यली! लिंबू उतरवा!" आमचा पोरगा धम्मदीप मास्तर हाय, इंद्रवेल्लीले. थो भडकला, "बाबा, आपल्यात भूत नसते!" खरंच हाय. माझा बाप छप्पन साली नागपूरहून आला तं देव पेनगंगेत सोडून आला, भुतंही संगच सोडली. मंग बिचाऱ्या भुतानं आमच्या घरी याव कोनत्या तोंडानं? मी म्हनलं, "भूत नसते, कबूल. पन हात कोनाचा, थे सांग!"

मंग हैदराबाद. तेथं फोटो काढला. म्हने, मानेपाशी एक बरगडी जास्तीची हाय, जलमापासूनची. थे रक्ताची नळी दाबते. नळीत गाठ झाली. "बरगडी काढून टाकू, नाही तं बोटं जातीन." दोनदा बोलावलं, दोनदा मी घरी. एकदा पोट दुखते म्हनलं, एकदा कापूस येचाचा हाय म्हनलं... कापूस तं कवाचाच येचून झाला होता!

काऊन? आता सांगतो, कोनाले सांगू नका. घरात कोनी नसलं का मी कुडाआड बसो, हात वर करो, वाट पाहो... हळूहळू गार होये. मंग धरून बसो. दुखे लय, पन बोलो थोडं. "वांगे महाग झाले वं," असं. हात वर केला का मी मेलो, अन् मेलो का भेट!

मंग दोन बोटायचे शेंडे काळे पडले. साऱ्या शाळेले रडवनारा मास्तर, माझे बोटं धरून रडला. "बाबा, आई गेली, आता तुमी बी थोडे थोडे जाऊन राह्यले काऊन?" आपरेशनाले हो म्हनलं. कागदावर अंगठा लावा, म्हने. मी डावा लावला. उजवा तं माझा नव्हता ना!

काढली बरगडी. दुसऱ्या हप्त्यात नर्सबाईनं हात वर करून नाडी मोजली, सारे हासले, मास्तर केळं घ्याले गेला. खोलीत मी एकटा. हात वर केला. वाट पाह्यली. लय वाट पाह्यली... मंग डाव्या हातानं धरून पाह्यला.

गरम.

तुमाले सांगतो, दोन्ही माझेच निघाले!