देवळापुढचा टर्बो

कमरीपेठेत इंजिनाची ताकद वाढवणाऱ्या टर्बोच्या दुकानात माझ्या शेजारी एक ट्रकवाला आणि त्याची थोरली बहीण बसली होती.

“अक्का, आता बॉल बेअरिंगचाच टर्बो घालू. साधे दोन जळाले.”

“घाल की, तम्मा. तिसरा जळताना भारीतला वास येईल.”

“चेष्टा नको. पाय दिला की लगेच ओढतो म्हणे. घाट सपाट वाटेल.”

“आणि घाट चढलास की देवळापुढं फटकन इंजिन बंद करशील.”

“मग? देवापुढं घरघर चालू ठेवू?”

“इथले मिस्त्री आत्ता काय म्हणाले? चढावर टर्बो लालबुंद होतो. लगेच इंजिन बंद केलं की त्याचं तेल थांबतं आणि बेअरिंग जळतं.”

“मिस्त्रीला देवाचं काय पडलंय?”

“कशाला पडेल? तुझ्यासारखं गिऱ्हाईक पावलंय त्याला.”

“बरं बाई, तुझंच खरं. देवळापुढं बंद करणार नाही.”

“शहाणा माझा तम्मा!”

“त्याच्या आधी, घाटमाथ्यावरच बंद करतो. तिथनं उतारच आहे, गाडी आवाज न करता देवळापुढं येते.”

“मिस्त्री, अहो मिस्त्री! साधाच टर्बो काढा. देवापुढं जाळायलाच न्यायचाय.”