शिवेवरचा झाप

भावांनो, बायांनो, जरा जवळ सरका. माझा आवाज लांब जात नाही. मी बोलणारा माणूस नव्हे. धुळाक्षरं गिरवली, तेवढंच माझं शिक्षण. पण सखारामसाठी कोणीतरी उभं राहिलं पाहिजे, म्हणून उभा आहे.

सखाराम काल दुपारी गेला. आपल्या डोळ्यांदेखत गेला, असंही म्हणता येत नाही. आपण पोचलो तेव्हा गोठ्याचं छप्पर खाली बसलं होतं.

त्याचा मळा अगदी शिवेला लागून, पलीकडे लगेच शेजारचं गाव. वांगी, मिरची लावायचा. यंदा त्यानंही कापूस लावला. समुद्रापलीकडे कुठं लढाई पेटली म्हणतात, आणि आपला कापूस सोन्यासारखा झाला. मग रानातून बोंडं चोरीला जाऊ लागली. अनोळखी गाड्या फिरू लागल्या. माझी तर झोप उडाली. सखाराम मला म्हणायचा, "काका, तुमी मांजर आलं तरी चोर म्हणता!"

म्हणून आपण शिवेवर कुंपण घातलं. बाभळीचे काटे सगळ्यांनी वाहिले, सखारामनंही वाहिले. ये-जा करायला एकच वाट ठेवली. ती अडवायला फाटकासारखा उचलता येणारा काट्यांचा झाप त्यानंच बांधला. बांधता बांधता पाटलांना म्हणाला, "पाटील, माह्या मळ्याले शेजार त्या गावाचा. मी हाक देल्ली तर तुमाले आयकू येत नाही, त्याइले येते."

पाटील म्हणाले, "मंग त्याइच्याच गावात जाऊन राय!"

आपण हसलो. तोही हसला.

काल गोठ्यातल्या कापसाला आग लागली. कशी लागली, कोणालाच ठाऊक नाही. सखाराम बैल सोडायला आत शिरला. धूर आधी त्या गावाला दिसला. त्याचे व्याही भिकाजी घागरी घेऊन पुढे, मागे अख्खं गाव धावत. धूर दिसला की बोलावण्याची वाट पाहायची नाही, ही आपल्याकडची रीतच. झापावर गस्तीला आपला दौलत होता. त्याला आपणच सांगून ठेवलं होतं, जमाव दिसला की झाप लावायचा.

भिकाजी ओरडले, "अरे दौलत, मले ओळखत नाही काय? घागरी दिसून नाही राहिल्या काय?"

दौलत म्हणाला, "ओळखतो ना मामा. पण पाटलाले इचारल्याबिगर कसा उघडू?"

तो पाटलांना विचारायला धावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दौलत, मान खाली घालू नकोस. झाप कधी लावायचा ते आम्ही ठरवलं होतं. कधी उघडायचा, ते कोणी ठरवलं होतं का? सांगा ना, कोणी?

आता पाटील म्हणतात, आग त्या गावानंच लावली. कुंपण दुहेरी करू, गस्त वाढवू. अमरावतीच्या बाजारात तर ऐकलं, निजामाच्या मोगलाईच्या हद्दीवर सरकारही असंच करणार आहे. करो. मी कुंपणाच्या विरुद्ध नाही. मला आजही भीती वाटते. रात्री पाचोळा वाजला तरी उठून बसतो. पण घागर घेऊन आलेल्याला थांबवायचं, तर मग राखायचं तरी काय? राख?

पाटील, रागावू नका. दोन कुंपणं घाला. पण झापावर जो उभा राहील, त्याला उघडायचीही मोकळीक द्या.

आणि आज एवढं तरी करा. मयताच्या घरी चूल पेटत नाही. भाकर व्याह्यांकडून येते. माहेरी आलेली सखारामची लेक यमुना कालपासून उपाशी इथं अंगणात बसली आहे. तिच्या सासरची माणसं भाकरीच्या टोपल्या घेऊन सकाळपासून झापाबाहेर उन्हात उभी आहेत. चौकशी होईपर्यंत कोणाला आत सोडायचं नाही म्हणे! टोपलीत काय, आग आहे?

दौलत, ऊठ बाबा. आज विचारायला जाऊ नकोस. तूच उचल तो झाप.

ती माणसं इथं येऊन बसतील. यमुनेच्या हातात भाकर पडेल. तोवर कोणी एक शब्द बोलू नका.

सखाराम, तुझा झाप उघडतो आहे. उशीर झाला, बाबा. रामराम.