शेवटची चार मिनिटं

नाही, नाही, मावशी म्हणू नकोस मला – तुझी आई माझी बहीण नव्हती. माझी बहीण एकच, नेमत, आणि तिला मुलंबाळं झाली नाहीत. तफीदाबाई म्हण. नाहीतर काहीच म्हणू नकोस, नुसतं ऐक. जास्वंदीचं कारकदे गार होतंय, पी. तुझ्या आजोबांनाही असंच लागायचं, साखर जास्त – एडिटिंगच्या खोलीत माझ्या पाठीमागं उभे राहून प्यायचे आणि फिल्मवर थेंब सांडायचे. पुसायचं कुणी? मीच. तेवीस वर्षांची होते मी, पण अख्ख्या कैरोत माझ्यासारखी कात्री कुणाची नव्हती.

तर तुला काय हवंय? संध्याकाळी सोहळा आहे, तुझ्या आजोबांचा, आमच्या दिग्दर्शक उस्तादांचा गौरव आहे, आणि मी स्टेजवर येऊन सांगायचं, की चित्रपटाच्या त्या शेवटासाठी ते निर्मात्याशी भांडले. बायको थप्पड खाते, बॅग उचलते, जिना उतरते, मागं वळून बघत नाही – साठ वर्षांपूर्वी किती धाडस, नाही? पेपरात छापून आलं, स्त्रियांचा कैवारी. वाचलं मी. दोनदा वाचलं. हसू येईना, म्हणून तिसऱ्यांदा वाचलं.

अरे, तो शेवट त्यांचा नाहीच! त्यांचा शेवट वेगळा होता. ती जिना उतरतच नाही. थप्पड खाते, रडते, गुडघ्यावर बसून नवऱ्याच्या हाताचं चुंबन घेते – संगीत – समाप्त. चार मिनिटं. जिन्याचा तुकडा नटीच्या हट्टापायी घेतला होता. शाहीनाज म्हणाली, आधी माझा घर सोडून जाण्याचा प्रसंग घ्या, मग नवऱ्याच्या हाताला ओठ लावते. उस्ताद म्हणाले, घ्या रे, बाईचं मन राखा, आणि मला डोळा मारून म्हणाले, तफीदा, हे टाकून दे. मी टाकलं नाही. का ते विचारू नकोस – चांगली फिल्म टाकवत नाही मला, एवढंच होतं तेव्हा.

आणि रडणं? ती रडलीच नव्हती रे. थप्पड बसल्यावर शाहीनाजनं असं बघितलं होतं, की कॅमेऱ्यामागचा माणूस दोन पावलं सरकला. उस्ताद म्हणाले, हे डोळे नकोत, प्रेक्षक चिडतील. मग मी दुसऱ्या प्रसंगातला तिचा चेहरा आणला – मूल आजारी असतं, तेव्हाचा – आणि थप्पडीच्या मागोमाग जोडला. अश्रू गालावर येईपर्यंत धरून ठेवला. झालं! रागाचा पश्चात्ताप झाला. उस्तादांनी माझी पाठ थोपटली... हे तुला सांगायचं नव्हतं मला. असू दे. ऐकलंस तर ऐकलंस.

नेमत तेव्हा माहेरी आलेली. शुब्रा भागात, आमच्या घरी. पाठीवर पट्ट्याचे वळ, पोटात दुसरा महिना. बाबांचा जीव तुटत होता. परत पाठवायचं नाही, असं जवळजवळ ठरलंच होतं. सिनेमाचे पास कुणी आणले? मीच! माझं काम बघा म्हणून सगळ्यांना नेलं, नेमतलाही, तिचं मन रमेल म्हणून. आणि पडद्यावर त्या बायकोनं हाताचं चुंबन घेतल्यावर अख्खं थिएटर टाळ्या वाजवायला लागलं – बायकासुद्धा – बाबासुद्धा, डोळे पुसत. ट्राममध्ये म्हणाले, ‘एवढी शिकलेली बाई नवऱ्यापाशीच राहिली, नेमत. आपण कोण?’ नेमत माझ्याकडं बघत होती. मी बोलायचं ना तेव्हा? तो अश्रू मी लावलाय, बाबा, खोटा आहे तो – एवढंच बोलायचं होतं. नाही बोलले. स्टुडिओतलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणे!

शुक्रवारी बाबा तिला सोडून आले. आठव्या महिन्यात गेली. जिन्यावरून पडली, असं नवऱ्यानं सांगितलं. सगळ्यांनी मान डोलावली. मी सुट्टी मागायला उस्तादांकडं गेले, सगळं सांगितलं, ट्रामसुद्धा. ते ऐकत होते. मग म्हणाले, ‘जिना... जिना चांगला आहे, तफीदा. पुढच्या चित्रपटात घेऊ.’ आणि घेतला. तो प्रसंगही मीच कापून जोडला.

सत्तावीस वर्षं थांबले. उस्ताद गेले, आणि टीव्हीसाठी नवी प्रिंट काढायला निगेटिव्ह माझ्या टेबलावर आलं. त्यांच्या चाळिसाव्या दिवशी सगळे कुराण ऐकायला तुमच्या घरी – मी एकटी लॅबमध्ये. त्यांची चार मिनिटं काढून डब्यात जपून ठेवली, शाहीनाजचा जिना जोडला. थप्पडीमागं तिचे खरे डोळे. मला वाटलं, याहून मोठा सूड नाही, त्यांच्या तोंडून त्यांच्याच विरुद्ध वदवलं! पण झालं काय? तुम्ही त्यांनाच हार घातले. जुना शेवट ज्यांना आठवतो ती म्हातारी माणसं, त्यांचं कोण ऐकतं?

गप्पच बसणार होते, खरं सांगते. पोरी तो शेवट बघतात, त्यांना बळ येतं, म्हटलं राहू दे, त्या शेवटाला बाप म्हणून नाव कुणाचं का लागेना. पण परवा फोनवर तू म्हणालास, ‘आजोबांना बायकांचं दुःख कळायचं.’ तिथं ठरलं.

श्रेयाच्या पाटीवर माझं नाव देतोस? नको. ती चार मिनिटं? इथं नाहीत. सकाळीच हॉलवर गेली. हॉलचा ऑपरेटर हुस्नी माझ्या हाताखाली शिकलाय. आधी शाहीनाज जिना उतरेल, लोक उभे राहतील, तू स्टेजवर चढशील – आणि भाषण सुरू करायच्या आत दिवे जातील. तुझे आजोबा पडद्यावर येतील, त्यांच्या स्वतःच्या शेवटासकट. नंतर मी उठेन आणि माझा भाग सांगेन, अश्रूसकट. मग टाळ्या वाजवा म्हणावं.

फोन लाव, लाव की. हुस्नी उचलणार नाही.

ऊठ आता. मला कपडे बदलायचेत. पहिल्या रांगेतली खुर्ची धरून ठेवलीय मी – तुझं तोंड जवळून बघायचंय. जा.